चाळीस धुण्यांचा रंग

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खोकी येतात.
मी चिकटपट्टी कापते, आणि दुकानभर
कोऱ्या कापडाचा, शाईचा वास सुटतो.
गेल्या साली तो सुटला नाही.
खोक्यातून निघाले विटके स्वेटशर्ट:
छातीवरचं पाणमांजर अर्धं पुसलेलं,
कॉलेजच्या नावातली दोन अक्षरं उडालेली
आणि किंमत, नव्याहून बावीस डॉलर जास्त.
"चाळीस धुण्यांचा रंग आहे, व्हर्लीन,"
कंपनीचा किप लुंडीन म्हणाला, दात शुभ्र, बूट शुभ्र.
"पोरांना आता नवं नको असतं.
कुणीतरी आधीच जगून ठेवलेलं हवं असतं."

एकोणीस वर्षं मी हे दुकान सांभाळते,
नेब्रास्कातल्या या गावात, जिथं
घरांपेक्षा धान्याच्या कोठ्या उंच.
आधी वह्या खपायच्या, नंतर बाटल्या,
नंतर बाटल्यांवर चिकटवायची चित्रं.
पुस्तकं मागच्या भिंतीकडे सरकत सरकत
एक दिवस भिंतीपलीकडेच गेली.
आता आईसाठी शर्ट आहे, बापासाठी टोपी,
आजोबांना कप, कुत्र्याला गळपट्टा, तीन मापांत.
माजी विद्यार्थ्यांचा कोपरा वेगळा, भरतकामाचा, गडद हिरवा.
अर्ध्यात सोडून गेलेल्यांसाठी काही नाही.
तशी मागणीही कुणी कधी नोंदवली नाही.

त्या दुपारी डॅरिन कुचेरा आला,
महामार्गाच्या वळणावरचा टायरवाला,
मुलीला घेऊन. टेसाला प्रवेश मिळाला होता.
त्याच्या अंगात आमचाच शर्ट,
तेवीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या सत्रात घेतलेला.
तिसरं सत्र त्याच्या वाट्याला आलं नाही.
पाणमांजराची शेपटी तेवढी शिल्लक, बाकी रबराची काजळी,
आणि डाव्या बाहीला, मनगटापाशी, एक भोक.
थंडीत तो त्यातून अंगठा बाहेर काढतो,
बाहीचाच हातमोजा करतो
आणि बर्फात गुडघे टेकून नट आवळतो.

टेसानं विटका शर्ट उचलला, किमतीची चिठ्ठी उलटली.
बापानंही वाचली.
"इतका विटवायला मला तेवीस वर्षं लागली," म्हणाला.
"बोला, याचे किती देता?"
मी हसले.
किप हसला नाही.
त्यानं ती बाही दोन बोटांत धरली,
सोनार मोडीची अंगठी धरतो तशी.
"हाच. हाच करडा.
दोन वर्षं आम्ही हाच शोधतोय."
खिडकीच्या उजेडात नेऊन फोटो काढले, पाठीचेसुद्धा.
मग सौदा: या एकाच्या बदल्यात नवे दोन, हवे ते.

डॅरिन बराच वेळ काही बोलला नाही.
"तीन," म्हणाला. "आणि ती बापांची टोपी."

आतल्या खोलीतून बाहेर आला तो
कडक हिरव्या शर्टात, घड्या न मोडलेल्या,
पाठीवर मापाची पट्टी तशीच,
पहिल्या तासाला वर्ग चुकलेल्या पोरासारखा.
टेसानं ती पट्टी हळूच सोलली.
मी पावती करत होते. आकडा दोनदा चुकला.

यंदा तो खोक्यांतून आला.
यादीत नाव: महामार्गी करडा.
प्रत्येकाच्या डाव्या बाहीला भोक,
कडा यंत्रानं बांधलेल्या, उसवू नयेत म्हणून.
शेपटी आहे. काजळी नाही;
काजळीला गिऱ्हाईक नसतं, किप म्हणाला.

टेसा हल्ली दुपारचे चार तास माझ्याकडे असते.
फीमधून तेवढेच वळते होतात.
पहिलं खोकं तिनंच उघडलं.
शर्ट अंगाला न लावता नुसती बाही चढवली,
भोकातून अंगठा बाहेर काढून पाहिला.
"लहान आहे," म्हणाली.

मग दोनशे चाळीस शर्ट आम्ही मापानं लावले,
लहान वर, मोठे खाली.
जेवायच्या सुट्टीआधी
सात गेले.